पोलँची पाठ : एका एकुलत्या बेंटलेच्या प्रतिकृतीच्या नोंदी

६ जानेवारी

फळीवर दोन खिळे ठोकले. अंतर बरोबर ४०० मिलिमीटर. एक पुढच्या चाकाचा मध्य, दुसरा मागच्या. आजचं काम एवढंच, पण सुरुवात झाली.

गाडी १९३८ ची बेंटले. सव्वाचार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, चॅसी क्रमांक बी-२७-एलई. अशी बॉडी असलेली गाडी जगात एकच बनली. पॅरिसमध्ये राहणारे ग्रीक गृहस्थ आंद्रे एम्बिरिकोस यांनी ती बनवून घेतली, म्हणून नाव पडलं 'एम्बिरिकोस बेंटले'. चॅसीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १२६ इंच, म्हणजे ३२०० मिमी. आठाने भागलं की ४००. इतका स्वच्छ आकडा हाती आल्यावर कोणतं प्रमाण धरायचं यावर डोकं चालवावं लागलं नाही.

करायची आहे ती फक्त बॉडी. इंजिन नाही, आसनं नाहीत, रंगही नाही. लाकडी ठोकळ्यावर हाताने बडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याखाली चार चाकं. पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून निघून शेपटीपर्यंत उतरत जाणारी या गाडीची पाठ मी कित्येक वर्षं फोटोंत बघत आलोय. नुसतं बघून ती समजत नाही असं वाटायला लागलं, तेव्हा हे काम अंगावर घेतलं.

संदर्भासाठी एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. त्या काळी कंपनी चॅसी विकायची : सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, पुढे रेडिएटर. १९३१ मध्ये बेंटले रोल्स-रॉइसकडे गेली आणि तिच्या चॅसी इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. त्यावर बॉडी चढवणारे कारागीर निराळे, आणि तो कारागीर मालकाने निवडायचा. त्यामुळे एकाच महिन्यात निघालेल्या दोन चॅसींपैकी एक उंच, भारदस्त घरगुती मोटार व्हायची आणि दुसरी उघडी टूरर. चॅसी सख्ख्या बहिणी, पण चेहरे एकमेकींशी न जुळणारे.

१२ जानेवारी

फोटोंवरून माप काढण्याचं काम. वाटलं होतं दोन संध्याकाळी पुरतील, पुरा आठवडा गेला.

अडचण मागच्या चाकाची. या गाडीची मागची चाकं पत्र्याच्या झाकणाखाली आहेत. वारा चाकाच्या पोकळीत घुसून गोंधळ घालू नये म्हणून हे झाकण. गाडीच्या दृष्टीने उत्तम, माझ्या दृष्टीने पंचाईत, कारण चाकाचा मध्यच दिसत नाही आणि माझं सगळं माप त्या मध्यावर टांगलेलं. शेवटी झाकणाखाली टायरचा जेवढा तळ दिसतो तेवढा धरला. टायर जमिनीला जिथे टेकतो त्या पट्ट्याचा मध्य काढला आणि तिथून सरळ वर ओळंबा सोडला. तीन वेगवेगळ्या फोटोंत हे केल्यावर तिन्ही खुणा एकमेकींपासून दीड मिलिमीटरच्या आत आल्या.

दुसरी अडचण भिंगाची. जवळून काढलेल्या फोटोत गाडीचं नाक फुगतं, शेपूट बारीक होते. असे सगळे फोटो बाद केले. लांबून, थेट बाजूने काढलेले चारच उरले. चार पुरे.

१९ जानेवारी

ही पाठ ज्याने काढली त्या माणसाबद्दल लिहितो. या गाडीच्या नावात त्याचं नाव नाही, आणि ते मला खटकतं.

जॉर्ज पोलँ. जन्म १९०२. धंद्याने दातांचा माणूस. मोटारींचं चित्रकाम तो आवडीने करायचा, पण त्याची आवड नुसत्या चित्रांवर थांबणारी नव्हती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने गाडीचं पत्र्याचं कडक छप्पर अखंड उचलून मागच्या डिकीत सरकवायची यंत्रणा शोधून काढली आणि तिचं पेटंट घेतलं. नाव 'एक्लिप्स', म्हणजे ग्रहण. प्युजोने ही कल्पना उचलली आणि ४०१, ६०१, ४०२ या मॉडेलांवर असं छप्पर दिलं. १९९६ मध्ये मर्सिडीझने एसएलके आणली, तेव्हा डिकीत मिटणाऱ्या कडक छपराचं लोकांना केवढं अप्रूप वाटलं होतं. त्याच्या साठ वर्षं आधी ही करामत फ्रान्सच्या रस्त्यांवर फिरत होती.

पोलँ काढायचा आणि पत्र्यात उतरवायचा मार्सेल पुर्तू. पुर्तूचा कारखाना पॅरिसच्या पश्चिमेला रुए-माल्मेझाँ इथे. या जोडीला तिसरा मिळाला एमिल दार्लमा, पॅरिसमधला प्युजोचा विक्रेता. या तिघांच्या कामातून छोट्या, बुटक्या, वारा कापणाऱ्या प्युजो दार्लमा तयार झाल्या. १९३७ च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तीन गाड्या उतरल्या आणि तिन्ही शेवटपर्यंत धावल्या : सातवी, आठवी आणि दहावी. पुढच्या वर्षी त्यांतली एक एकूण पाचवी आली आणि दोन लिटरच्या गटात पहिली. इंजिन साधं प्युजो ४०२ चं होतं. म्हणजे दातांचं काम करणाऱ्या या माणसाची रेघ बरोबर होती हे बेंटलेच्या आधीच रस्त्यावर दिसून आलं होतं.

बेंटलेचं काम त्याच्याकडे येण्यात वॉल्टर स्लीटर यांचा वाटा आहे. रोल्स-रॉइस आणि बेंटले विकणाऱ्या पॅरिसमधल्या फ्रँको-ब्रिटानिकचे ते प्रमुख. एम्बिरिकोस यांची मागणी, स्लीटर यांचा पुढाकार, पोलँची रेघ, पुर्तूचा पत्रा. पत्रा म्हणजे ड्युरॅल्युमिन, विमानांसाठी वापरायचे ती मिश्रधातू. त्याबद्दल पत्रा हातात घेईन तेव्हा लिहीन.

२ फेब्रुवारी

ठोकळा. प्लायवूडचे चौदा आडवे छेद कापले, कण्यासारख्या एका उभ्या फळीवर बसवले आणि मधल्या फटी मऊ लाकडाने भरल्या. आता रंधा आणि कानस.

उभ्या फळीवर पाठीची रेघ काढताना जे झालं ते सविस्तर लिहिण्यासारखं आहे. फोटोंवरून पाठीचे अकरा बिंदू उतरवले होते. प्रत्येक बिंदूवर खिळा ठोकला आणि लाकडाची लवचीक पट्टी त्या खिळ्यांना लावून वाकवली. रेघ आली, पण खडबडीत. लांबून बघितली तर पाठीवर हलके हलके उंचवटे. प्रत्येक बिंदूत माझी अर्ध्या-एक मिलिमीटरची चूक, आणि पट्टी बिचारी त्या सगळ्या चुकांतून जायचा प्रयत्न करत होती.

मग एकेक खिळा काढत गेलो. दहा, नऊ, आठ. पाचवर आलो तेव्हा पट्टीने स्वतःहून एक वळण घेतलं, आणि काढलेल्या सहाही खिळ्यांच्या भोकांवरून ती एक मिलिमीटरच्या आतून गेली. अकरा खिळ्यांनी जी रेघ मिळत नव्हती ती पाच खिळ्यांनी दिली. जहाजबांधणीत आणि विमानांच्या आराखड्यात अशाच पट्ट्या वापरायचे. पट्टी जिथे कमीत कमी ताणात असते तोच तिचा आकार, आणि पोलँची पाठ त्या आकाराच्या इतकी जवळ असावी याने मी उठून दोन फेऱ्या मारल्या. या रेघेत कुठेही सरळ तुकडा नाही. छपरावर वळण मंद, मागच्या काचेपाशी थोडं वाढतं, शेपटीकडे पुन्हा मंद होतं. बदल कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

९ फेब्रुवारी

ठोकळा जवळजवळ तयार. आज पत्र्याला हात न लावता एक दिवस वाऱ्याला दिला.

टेबलफॅनसमोर सरबताच्या नळ्यांची जुडी बांधून ठेवली, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यातला पीळ थोडा निघतो. ठोकळ्यावर लोकरीचे दोन-दोन सेंटिमीटरचे धागे चिकटवले, नाकापासून शेपटीपर्यंत सात ओळी. पंखा लावला. पाठीवरचे धागे शेपटीच्या टोकापर्यंत चिकटून पडले, फक्त अगदी शेवटच्या ओळीतले थरथरत होते. मग नेहमीच्या मोटारीसारखी उभी पाठ म्हणून मागच्या काचेच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा उभा खोचला. त्यामागचे धागे क्षणात उलटे फिरले, काही चक्क पुढच्या दिशेला. शेवटी नाकासमोर बेंटलेच्या नेहमीच्या उभ्या रेडिएटरच्या आकाराचा पुठ्ठा धरला, तर बॉनेटच्या दोन्ही बाजूंचे धागे उठून उभे राहिले. पोलँने ती ओळखीची उभी, चकाकती चौकट नाकातून काढून टाकली होती. बेंटलेच्या गाडीवरून बेंटलेचा चेहरा काढायला काय धाडस लागलं असेल!

टेबलफॅनने सिद्ध काही होत नाही, हे नोंदवून ठेवतो. आठपट लहान गाडीभोवती हवा मोठ्या गाडीभोवती वागते तशी वागायला वाऱ्याचा वेग आठपट लागतो. पण डोळ्यांना जे दिसलं ते दिसलं.

खरा पुरावा ब्रुकलंड्सचा. १९३९ मध्ये जॉर्ज ईस्टन यांनी ही गाडी इंग्लंडमधल्या त्या काँक्रीटच्या उतरत्या कडांच्या ट्रॅकवर तासभर चालवली. एका तासात ११४.६४ मैल, म्हणजे साधारण १८४.५ किलोमीटर. ट्रॅकची बाहेरची फेरी २.७६७ मैलांची, म्हणजे एक्केचाळीस फेऱ्या पूर्ण होऊन वर थोडं अंतर. एकेक फेरी सुमारे ८७ सेकंदांची, आणि ही सरासरी सलग साठ मिनिटं.

ही गाडी मुळात शांत, आरामशीर प्रवासासाठी बनलेल्या चॅसीवरची. त्याच इंजिनाची नेहमीची बंद बॉडीची बेंटले ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास दमायची. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. १८४.५ ला १५० ने भागलं तर १.२३, त्याचा घन १.८६. म्हणजे जुन्याच आकारात हा वेग गाठायचा तर इंजिनाची ताकद जवळजवळ दुप्पट करावी लागली असती. या गाडीच्या इंजिनातला दाब वाढवला होता, कार्ब्युरेटर मोठे लावले होते, हे खरं. पण तेवढ्याने ताकद दुप्पट होत नाही. उरलेली तूट या पाठीने भरून काढली.

१६ फेब्रुवारी

ठोकळ्याला घासून शेवटचा हात. सील करून वाळत ठेवला. बाकी काही नाही.

१ मार्च

पत्रा आला. शुद्ध ॲल्युमिनियम, ०.८ मिमी.

पुर्तूच्या कारागिरांच्या हातात ड्युरॅल्युमिन होतं, माझ्या हातात हे मऊ ॲल्युमिनियम. फरक मोठा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी ॲल्युमिनियममध्ये साधारण चार टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलं. तापवून पाण्यात बुडवल्यावर ही मिश्रधातू मऊ असते. पण तशीच ठेवून दिली तर काही तासांत कडक व्हायला लागते आणि काही दिवसांत तिची ताकद कितीतरी वाढते. म्हणजे कारागिराला वेळेशी बांधून घेतलेलं काम : तापवायचा, बुडवायचा आणि तो आवळायच्या आत आकार द्यायचा. विमानकारखान्यात या पत्र्याचे रिव्हेट बर्फात ठेवायचे ते एवढ्यासाठीच, थंडीत तो कडक व्हायला उशीर लावतो. या हट्टी पत्र्यातून दोन्ही बाजूंनी वळणारी पाठ काढणं म्हणजे काय, ते माझा मऊ पत्रा बडवतानाच कळायला लागलं.

माझी पद्धत साधी. पत्र्यावर अंगाच्या साबणाचा हात फिरवायचा, खालून गॅसची ज्योत फिरवत राहायची आणि साबणाची रेघ तपकिरी होऊन काळी पडली की ज्योत काढायची. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही. लाल होण्याची वाट बघत बसलात तर डोळ्यांदेखत वितळून खाली पडतं. साबण काळा होतो ते तापमान पत्रा नरम पडायला बरोबर पुरतं. मुलीने दिवे मालवून टॉर्च तिरका धरला, म्हणजे रंग बदलताना नीट दिसतो. पहिला तुकडा छान नरम झाला, हाताने वाकवला तर कागदासारखा वाकला.

९ मार्च

पुढचं डावं मडगार्ड फाटलं. लिहायलाही जिवावर येतंय, पण लिहितो.

हेडलाइट मडगार्डमध्ये बुडवलेला आहे, त्याच्या वरचं वळण खोल आहे. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने बडवत होतो, आकार येत होता, हात थांबेना. बडवताना पत्रा कडक होत जातो, दर थोड्या वेळाने पुन्हा तापवायला हवा. मी शेवटचं तापवणं टाळलं. 'एवढं तर होईल' म्हणून. कडेला केसासारखी चीर पडली आणि पुढच्या ठोक्याला ती दोन सेंटिमीटर धावली.

संध्याकाळी काका आले. त्यांची चाळीस वर्षं पत्राकामात गेली. त्यांनी तुकडा उजेडाकडे धरून कडेवर बोट फिरवलं.

"किती पातळ केलास बघ इथे. तू ताणलास त्याला."

"मग आकार कसा येणार, काका?"

"सगळा आकार मधे ठोकून काढायचा नसतो. कडेला सुरकुत्या पाडायच्या आणि त्या आतल्या आत बसवायच्या. कडेचा पत्रा जमवलास की मधला आपोआप फुगतो. ताणलेला पत्रा पातळ होतो, जमवलेला जाड होतो. तुला कुठला हवाय?"

मग त्यांनी दाखवलं. नव्या तुकड्याच्या कडेला पक्कडीने चुणी पाडली, चुणीचं टोक आधी दाबून बंद केलं, म्हणजे ती बाहेर पळत नाही, आणि मग मोगरीने टोकाकडून आत येत हलक्या हाताने बसवली. चुणी पत्र्यात विरून गेली आणि कड चार मिलिमीटरने आखूड झाली. मधला भाग ठोका न खाता वर आला होता. मी त्यांच्याकडून तीन वेळा करून घेतलं आणि मग स्वतः केलं.

२१ मार्च

आज काम केलं नाही.

१९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये आल्यावर पोलँ ब्रिटिशांना माहिती पुरवणाऱ्या गुप्त जाळ्यात काम करू लागला. बॉडीबांधणीच्या धंद्यातले एक नामवंत, जाक केल्नर, तेही याच कामात होते. दोघे पकडले गेले. २१ मार्च १९४२ रोजी दोघांना माँ-व्हालेरियँच्या किल्ल्यावर गोळ्या घालून मारलं. त्या जागी नाझींनी हजाराहून अधिक माणसं अशी मारली.

काल रात्री नकाशा काढून बसलो होतो. माँ-व्हालेरियँची टेकडी स्युरेन, नाँतेर आणि रुए-माल्मेझाँ या तीन गावांच्या हद्दीत पसरलेली आहे. रुए-माल्मेझाँ म्हणजे पुर्तूचा कारखाना जिथे होता तेच गाव. ज्या गावात त्याच्या रेघांचा पत्रा झाला, त्याच्याच वेशीवरच्या टेकडीवर त्याला उभं केलं.

मी हे आधीपासून जाणत होतो, तारीखही. पण तीन महिने त्याच्या रेघेवर हात फिरवल्यानंतर ती तारीख कॅलेंडरवर आली, आणि मोगरी उचलवली नाही.

२९ मार्च

दोन्ही पुढची मडगार्डं झाली. डावं तिसऱ्या प्रयत्नात. चुण्या जमवून केलेल्या कडेची जाडी मोजली, ०.९ मिमी भरली. फाटलेल्या तुकड्याची त्याच जागी ०.५ होती.

१२ एप्रिल

पाठीचा मोठा पत्रा. अजून ठोकळ्यावर बसत नाही, शेपटीकडे दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर उचललेला राहतो. काकांच्या पद्धतीने कडा जमवत आणतोय. हळू चाललंय, पण योग्य दिशेने.

हात चालू असताना या पाठीच्या वंशाबद्दल विचार करत होतो. ही गाडी बघून बेंटलेवाल्यांनाही असं काही स्वतःच्या नावावर काढावंसं वाटलं. १९३९ मध्ये 'कॉर्निश' नावाची एक नमुना-गाडी तयार झाली. रेघ पोलँचीच, बॉडी पॅरिसच्या व्हानव्होरेनने बांधली. फ्रान्समध्ये चाचणी चालू असताना तिला अपघात झाला. चॅसी डर्बीला परत गेली, बॉडी दुरुस्तीला मागे राहिली. दुरुस्त होऊन ती दिएप बंदरात इंग्लंडला जायची वाट बघत पडून होती, तेवढ्यात युद्ध आलं आणि बॉम्बवर्षावात नष्ट झाली. कंपनीच्या शताब्दीला, २०१९ मध्ये, बेंटलेने जुन्या आराखड्यांवरून ती पुन्हा बांधली, तेव्हा लोकांना ती पत्र्यात बघायला मिळाली.

युद्धानंतर १९५२ मध्ये बेंटलेची आर-टाइप कॉन्टिनेंटल आली. आयव्हन एव्हर्नडेन आणि जॉन ब्लॅचली यांचं काम, बॉडी एच. जे. मलिनरची. तिची उतरती पाठ, झाकलेली मागची चाकं, आणि चौघांना घेऊन ताशी ११५ मैलांपुढे जाणारा वेग बघितला की मूळ कुठे आहे हे सांगावं लागत नाही. एम्बिरिकोसच्या गाडीशेजारी तिचा फोटो ठेवला. कॉन्टिनेंटलची पाठ सुंदर आहे, हे मान्य करूनच म्हणतो : तिच्या नाकावर उभी चौकट परत आलेली आहे, आणि माझ्या डोळ्यांना ती रेघ अडवते. पोलँच्या गाडीत नाक आणि पाठ एकाच श्वासात काढल्यासारखी आहेत.

२६ एप्रिल

पाठ बसली. चौथ्यांदा तापवून, अठ्ठावीस चुण्या जमवून. ठोकळा आणि पत्रा यांच्यामध्ये आता कुठेही पोस्टकार्ड सरकत नाही.

आनंदात आज ल माँबद्दल लिहितो. या गाडीच्या आयुष्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच.

१९३९ मध्ये ही गाडी एच. एस. एफ. हेय या इंग्लिश गृहस्थांनी घेतली. मग युद्ध. ल माँची शर्यत दहा वर्षं बंद. १९४९ च्या जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा हेय यांनी ही गाडी तिथे उतरवली, साथीला टॉमी विझ्डम. त्या वर्षी फेरारी पहिल्यांदा ल माँ जिंकली. १६६ एमएम, दोन लिटरची, बारा सिलिंडरच्या व्ही आकाराच्या इंजिनाची, नवी कोरी. लुइजी किनेत्ती यांनी जवळजवळ सगळा वेळ एकट्याने चालवली. त्याच शर्यतीत ही युद्धापूर्वीची, रस्त्यावर वापरलेली, बंद बॉडीची भलीमोठी बेंटले चोवीस तास चालली आणि सहावी आली.

तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५० मध्ये हेय आणि ह्यू हंटर, चौदावे. १९५१ मध्ये हेय आणि टॉम क्लार्क, बाविसावे. त्या वर्षी जिंकली जग्वारची सी-टाइप, खास शर्यतीसाठी बनवलेली. वर्षागणिक समोरच्या गाड्या नव्या होत गेल्या आणि ही तीच राहिली. क्रमांक खाली गेला, साहजिक आहे. पण तिन्ही वेळा ती शेवटपर्यंत धावली. तीन वर्षांत तीनदा, एकाच माणसाची, एकच गाडी, तेरा वर्षांची होईपर्यंत.

लांब शर्यतीत वारा कापणाऱ्या आकाराचा फायदा वेगापुरता नसतो. त्याच वेगाला इंजिनावर कमी ओझं पडतं, पेट्रोल कमी जळतं, सगळं यंत्र थंड राहतं. चोवीस तास टिकायचं तर हेच लागतं. पोलँने एका श्रीमंत माणसाला लांबच्या रस्त्यांवर झपाट्याने आणि निवांत जाता यावं म्हणून ही पाठ काढली होती. शर्यतीच्या रस्त्यावर ती उभी राहिली तेव्हा त्याला जाऊन सात वर्षं झाली होती.

१० मे

सांधे जोडले, कानसले, घासले. दोन आठवड्यांचं काम एका ओळीत आलं, कारण त्यात घासण्याखेरीज काही नाही.

आज उजेडाची परीक्षा. खोली अंधारी करून एकच ट्यूबलाइट गाडीला समांतर धरायची आणि तिचं प्रतिबिंब पत्र्यावर बघायचं. पत्रा जिथे चुकला असेल तिथे उजेडाची रेघ मोडते. बोटांना न लागणारा खड्डा डोळ्याला लगेच दिसतो. बॉनेटवरून रेघ सरळ आली, काचेच्या चौकटीपाशी तुटली, तिथे तुटायलाच हवी, आणि छपरावर पुन्हा सुरू झाली. ट्यूब हळूहळू मागे नेली. रेघ छपरावरून मागच्या काचेकडे, तिथून शेपटीकडे लांब होत, बारीक होत उतरत गेली.

डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या झाकणावर ती हलली. तिथे पत्रा नखभर आत बसलाय. दोन तास तासणीच्या हातोडीने आतून हळूहळू उचलला. आता हलत नाही.

१७ मे

ठोकळ्यावरून कवच उचललं. वजन एक किलो सव्वाशे ग्रॅम. रिकामं झाल्यावर पत्रा टिचकीला वेगळाच वाजतो.

पाटी राहिली होती. पितळेची पट्टी, लांबी ६० मिमी. गाडीचं प्रचलित नाव एम्बिरिकोस यांचं, आणि त्यांनी पैसे घातले नसते, एवढ्या अनोळखी आकारावर विश्वास टाकला नसता तर गाडी झाली नसती. त्यांचं नाव ठेवलं. पण तिसऱ्या ओळीत. वर आराखडा, मग बॉडी, मग मालक, त्याखाली साल. हेय यांचं नाव मागच्या बाजूला तीन सालांसह कोरलं, १९४९, १९५०, १९५१.

अक्षरं छिन्नीने हाताने कोरली. 'पुर्तू' सोपं गेलं. 'पोलँ'चा चंद्रबिंदू एवढ्या लहान जागेत बसेना, म्हणून आधी कोर काढली, पट्टी फिरवली, आणि बिंदू सगळ्यात शेवटी एकाच ठोक्यात दिला.